टोपीतली शेवटची चिठ्ठी

मिस आयोनी टलक घरातसुद्धा कोट घालून बसायच्या. मे महिन्यातही. टेकडीवरची पोरं चिडवायची, तेव्हा त्या म्हणायच्या, "मी विमानानं आले रे, माझं रक्त मागून बोटीनं येतंय. अजून पोचलेलं नाही." सगळे हसायचे. सर्वांत मोठ्यानं आमच्या चर्चमधले ब्रदर लॅसल्स हसायचे.

दक्षिण लंडनमधल्या आमच्या उतारावरची दहा लाकडी घरं उन्हाच्या बेटांवरून इथे आलेल्या आमच्याच लोकांनी बांधलेली आहेत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली आयोनी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. दोन मुलींसह पालिकेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहायच्या. बाग असलेली घरं गोऱ्यांना मिळायची, आमच्या वाट्याला काळी बुरशी. मग एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये लॅसल्स बेकफर्ड हे सुतार उभे राहिले. म्हणाले, उतारावरची ती जमीन कुणालाच नको आहे, ती आपण मागून घेऊ. दहा कुटुंबं मिळून बांधू. घरं सगळ्यांची मिळून राहतील, एकट्यानं कुणी विकायचं नाही.

आणखी एक नियम त्यांनीच घातला. दहाही घरं उभी राहीपर्यंत कोणतं कुणाचं हे ठरवायचं नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या. आपलं घर कोणतं हे ठाऊक नसलं की माणूस प्रत्येक खिळा आपल्याच घरात ठोकल्यासारखा ठोकतो, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षं शनिवार-रविवार चिखलात गेले. आयोनी हातोडा चालवायला शिकल्या, डाव्या हाताच्या एका बोटाचं नख कायमचं गमावून बसल्या. दर शनिवारी त्या भोपळा, यामचे कंद आणि कणकेचे गोळे घालून मोठ्या पातेल्यात सूप करायच्या. ब्रदर लॅसल्स आपला निळ्या काठाचा वाडगा दोनदा भरून घ्यायचे.

चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी सगळे चर्चचे कपडे घालून आले होते. लॅसल्सनी आपली तपकिरी टोपी पुढे धरली आणि म्हणाले, "माझी सगळ्यांत शेवटी. उरेल ते माझं." बायकांचे डोळे भरून आले. आयोनींना दहा नंबर मिळालं, अगदी टोकाचं, जिथे वारा अडवायला काही नाही. लॅसल्सनी टोपीत हात घालून शेवटची चिठ्ठी काढली, सात नंबर, आणि टोपी डोक्यावर चढवली.

दहा नंबर पहिल्या हिवाळ्यापासून गारठलेलं. आयोनींनी कधी तक्रार केली नाही. चिठ्ठी आपल्याच हातानं उचललेली. पुढे घरांच्या किमती आभाळाला भिडल्या, पोरं मोठी झाली आणि बैठकीत कुणी ना कुणी म्हणू लागलं की वाटणी करू, ज्याचं त्याला देऊन टाकू. तेव्हा आयोनी उठायच्या आणि टोपीची गोष्ट सांगायच्या. शेवटची चिठ्ठी घेणारा माणूस आपल्यात आहे, म्हणायच्या. मग वाटणीचं नाव कुणी काढायचं नाही.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या झोपायच्या खोलीत ओल आली. मिस्त्रीण आली, तिनं भिंतीची फळी काढली. थंडी अडवायला आत काचतंतूंची पिवळी लोकर भरलेली असते. तिथे सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या होत्या, चुरगळून कोंबलेल्या, भिंत वाजवली तर पोकळ वाटू नये इतपत. तिनं दुसरी फळी काढली, तिसरी काढली. लोकर कुठेच नव्हती. सहा ते दहा या घरांच्या भिंती लॅसल्सनी स्वतः भरल्या होत्या.

मी चार नंबरची. आयोनींनी मला हाक मारली, माझा दंड धरला, आणि आम्ही सात नंबरला गेलो. खोलीत छान ऊब होती. चौऱ्याऐंशी वर्षांचे लॅसल्स नुसत्या बनियनवर डॉमिनोचे ठोकळे मांडत बसले होते. आयोनींनी एक पिशवी टेबलावर ठेवली.

"ही माझ्या भिंतीत होती, ब्रदर."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग सांगितलं, की लोकर संपली होती आणि पालिकेनं हात आखडला होता. तेव्हा बोललो असतो तर निम्मी माणसं सोडून गेली असती. एका घराला लोकरीवाचून राहावंच लागणार होतं.

"कुणाच्या वाट्याला येईल मला ठाऊक नव्हतं, सिस्टर. देवाशपथ."

"तुमच्या येणार नाही, हे ठाऊक होतं."

त्यांनी हातातला ठोकळा टेबलावर पालथा घातला.

"टोपीत नऊच होत्या ना? दहावी तुमच्या हातात."

"रूबीची छाती कशी होती, तू बघितलं होतंस," ते म्हणाले. रूबी म्हणजे त्यांची बायको, दम्यानंच गेली.

"म्हणून तर सांगायचं होतं. दहाही घरांत थोडी थोडी कमी भरली असती. थंडी वाटून घेतली असती आपण. आणि रूबीला सात नंबर मी माझ्या हातानं दिलं असतं."

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड सोडला आणि उतार एकट्याच चढून गेल्या.

तीन आठवड्यांनी बैठक होती. वाटणीचा प्रस्ताव या वेळी लेखी आला होता. आयोनी उठल्या. त्यांनी चिखल सांगितला, गेलेलं नख सांगितलं, कोणाचा पाय मोडला आणि त्याच्या वाट्याच्या कौलांचं काम कोणी केलं तेही सांगितलं. आणि बसायला वळल्या.

"मिस आयोनी, टोपी राहिली की," मागून कुणीतरी म्हणालं.

"टोपी त्यांची आहे. त्यांना विचारा."

सगळ्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. लॅसल्स काठीवर जोर देऊन उठले. त्यांची नजर आयोनींवर स्थिरावली. त्या वाट पाहत होत्या. एवढी वाट बघणारा चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

"मी म्हणालो," लॅसल्स म्हणाले, "उरेल ते माझं."

टाळ्या झाल्या. वाटणी नको म्हणून आठ हात वर गेले. त्यात नख नसलेल्या बोटाचा एक होता.

भिंतीत आता लोकर भरली आहे. शनिवारी सूप होतं, दारोदार जातं. परवा लॅसल्सनी निळ्या काठाचा वाडगा धुऊन दहा नंबरच्या पायरीवर आणून ठेवला. आयोनी त्याला वळसा घालून जातात येतात. वाडगा अजून तिथेच आहे.