अकरा फुटी फळी आणि आठ फुटी जावई

आमच्या मशीनचा बेड आठ फुटी आहे आणि सासऱ्यांची फळी अकरा फुटी होती. बाकी या कामात अडचण अशी काहीच नव्हती.

राहात्यात माझं सीएनसी राउटरचं छोटं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, की मशीनचं फिरतं पातं ती लाकडावर कोरून देतं. (तेवढा वेळ मी शेजारी उभा राहून हुशार दिसायचं काम करतो.) दारं, देव्हारे, नावाच्या पाट्या, सगळं होतं. अट एकच, लाकूड बेडवर, म्हणजे मशीनच्या टेबलावर, मावलं पाहिजे.

सासरे दाविद गुरुजी पुणतांब्याच्या बाजूला एका खेड्यात राहतात. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. पोरांची शिरोरेषा वाकडी गेली की गुरुजी अख्खी वही लाल करायचे. लग्नाआधी मी त्यांच्या मुलीला, म्हणजे रूथला, एक पत्र लिहिलं होतं. ते नेमकं गुरुजींच्या हाती लागलं आणि शिरोरेषा दुरुस्त होऊन मला परत आलं! मजकुराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

सासूबाई, मार्थाबाई, मागच्या वर्षी गेल्या. त्यांचं घर चर्चला लागूनच आहे. रविवारची उपासना संपून माणसं बाहेर पडली की सासूबाई दारातून हाक द्यायच्या, "बसा घडीभर, चहा टाकलाय!" चहा टाकलेला नसायचा. कधीकधी घरात दूधही नसायचं. पण माणसं ओट्यावर, दगडावर, जागा मिळेल तिथं बसायची आणि चहा व्हायचाच. या सगळ्यांना बसायला एक लांब बाक करून देईन, असं गुरुजींनी बायकोला कबूल केलं होतं. त्यासाठी सागाची अखंड फळी आणून खाटेखाली ठेवली होती, अठरा वर्षं! "पुढच्या उन्हाळ्यात करू" म्हणता म्हणता सासूबाईच राहिल्या नाहीत.

तर ती फळी टेम्पोत घालून गुरुजी माझ्याकडे आले.

"जावईबापू, बाकाची पाठ करायची. पाठीवर मार्थाचंच वाक्य कोरायचं. एका ओळीत."

"होऊन जाईल, मामा. दोन तुकडे करू आणि..."

"तुकडा न्हाई करायचा."

"सांधा दिसणार नाही हो!"

"अठरा वर्षं अख्खी ठेवलीय मी. आन् दुसरी फळी न्हाई." मग चष्मा पुसत म्हणाले, "सगळ्या ओळीवरून एकच रेघ पायजे. सरळ."

इंग्रजी अक्षरं कशी सुटी सुटी उभी असतात. एखादं जरा खाली बसलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून मात्र रेघ जाते, आणि ती मोडली की आंधळ्यालाही बोटानं कळतं. तरीही मी म्हणालो, "काळजीच करू नका, केसाइतकाही फरक पडणार नाही!" हे मी दोनदा म्हणालो.

बेडपेक्षा लांब लाकूड कोरायची रीत सोपी आहे. आधी एक बाजू कोरायची, मग फळी पुढं सरकवून उरलेली कोरायची. सरकवताना फळी तिरकी होऊ नये म्हणून फळीत आणि बेडमध्ये भोकं पाडून लाकडी खुंट्या बसवतात. पण सासूबाईंच्या फळीला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं. (हे मी रूथला सांगितलेलं कारण. खरं कारण असं की, मला कशाला लागतात खुंट्या!) मी पेन्सिलीनं खूण केली आणि दोन क्लॅम्प, म्हणजे लोखंडी पकडी, आवळून मोकळा झालो.

पहिली बाजू झकास झाली. 'बसा घडीभर' इतकं देखणं उमटलं, की मी त्याचे चार फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मग फळी सरकवली. माझा गाळा पडला लहान, त्यामुळे कोरलेलं टोक मागच्या खिडकीतून बाहेर गेलं. खिडकीपलीकडे झुबेदाचाचींचं अंगण आहे, जरा उंचावर. मी खूण जुळवली, क्लॅम्प आवळले, तेवढ्यात घरातून रूथची हाक आली, "अहो, भाकरी गार होतेय!" जेवून आलो, बटण दाबलं आणि हुशार दिसत उभा राहिलो.

काम संपल्यावर भुसा फुंकला. 'बसा घडीभर'वरची रेघ आली, आली, आणि मधेच करंगळीच्या नखाएवढी पायरी उतरून 'चहा टाकलाय'वर गेली. मी डोळे चोळले. पायरी तिथंच होती.

खिडकीतून डोकं बाहेर काढलं. फळीच्या टोकावर लसणाची सालं पडली होती.

"चाची! या फळीवर कुणी बसलं होतं का?"

"मी बसल्ते की. लसून सोलाया."

"अहो, पण कशाला बसलात?"

"आता ग! तुमीच लिवलंय नं, बसा म्हनून?" चाचींनी अक्षरांवर बोट ठेवलं. "मला वाटलं, माझे गुडघे दुखत्यात म्हनून माझ्यासाठीच काढली हाय खिडकीतून. लई बरं वाटलं मला."

"चाची, सगळं काम बिघडलं हो माझं!"

"घडीभरच बसले वो! लिवलंय तेवढंच!"

सूचना माझी होती आणि ती त्यांनी तंतोतंत पाळली होती. वर मी रागावलो म्हणून बिचाऱ्या चाचींना इतकं वाईट वाटलं, की संध्याकाळी त्यांनी लसणाची चटणी पाठवली.

मी मात्र चटणी उघडलीही नाही. गुरुजी दुरुस्तीला बसले असते तर मी शंभर वह्या लाल करून घेतल्या असत्या. पण ही त्यांच्या बायकोची फळी होती, आणि तशी दुसरी आणता येणार नव्हती. अठरा वर्षांचा शब्द माणूस शेवटी पुरा करायला निघाला आणि तो मी जेवायच्या सुट्टीत मोडला.

मग मी आणखी बिघडवायला सुरुवात केली. आधी पायरीत भुसा आणि गोंद भरला. ती बुजली नाही, उलट पांढरट होऊन लांबूनही दिसायला लागली. भुसा खरवडला. मग ठरवलं, पायरीवर एक लाकडी गुलाब चिकटवायचा. गुलाब मशीनवर कोरला, चिकटवला आणि रूथला दाखवला.

"कोबी कशाला लावलाय आईच्या बाकाला?"

"गुलाब आहे तो!"

"अहो, माझ्या आबांना खरं काय ते सांगा."

"सांगतो ना. योग्य वेळ बघून सांगतो."

योग्य वेळ रविवारी, सगळ्या मंडळींसमोर, स्वतःहून आली. उपासनेनंतर गुरुजींच्या अंगणात, पाय लावून तयार झालेल्या बाकावरची चादर काढली. गुरुजी वाकले आणि चष्मा वर करून रेघेवरून बोट फिरवू लागले. बोट गुलाबापाशी आलं, अडलं, त्यांनी जरासं दाबलं आणि गुलाब सुटून त्यांच्या हातात आला! चर्चचे पाळकसाहेब जवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, कोबी का हो हा?"

"मामा, चूक माझी आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "खुंट्या घालायला पाहिजे होत्या. फळी सरकली. मी वाया घालवली."

त्या पायरीवरून गुरुजींनी बोट पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. मग बाकावर बसले.

"मार्थाला लिवायला मीच शिकवलं, लग्नानंतर," ते म्हणाले. "तिची रेघ अशीच खाली उतरायची. अर्धी ओळ झाली की उठायची, चहा बघाया. परत येऊन पुढं काढली, की खाली. मी रोज खोडायचो. रोज." त्यांनी हातातला गुलाब खिशात टाकला. "एकदा तरी असू दे म्हनायला पायजे हुतं मी."

रूथ रडत होती. "जावईबापू," गुरुजी म्हणाले, "हिला हात लावू नका. असू दे." त्या दिवशी त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ती पायरी बोटानं दाखवली, आणि माझ्या चुकीला अंगणात एवढा मान मिळाला, की मला घरी जाववेना.

पुढच्याच आठवड्यात श्रीरामपूरहून धाकट्या मेव्हणीचा, एस्तेरचा फोन आला. तिलाही तिच्या ओट्यावर तसाच बाक हवा होता. अकरा फुटी, आणि रेघ आईची, तशीच उतरलेली. म्हटलं, हे काय काम आहे! चूक तर करायची आहे, आणि त्यात आपला हात कोण धरणार! पहिली बाजू कोरून झाल्यावर मोजून मापून, नखाएवढी फळी बाजूला घेतली आणि क्लॅम्प आवळले. आवळता आवळता ती निमूट परत जागेवर जाऊन बसली, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. बटण दाबलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतात आली.

एस्तेरनं एका टोकाला डोळा लावून ती पाहिली आणि म्हणाली, "दाजी, एक चूक करायला सांगितली हुती, ती पन तुमाला नीट जमली न्हाई!"