गोठलेल्या पाण्याचा लवाद

आमच्या धंद्यात दोनच प्रकारचे किस्से साठतात. एक पडलेल्या दातांचे आणि दुसरे लवादाचे. दातांचे लवकर संपतात, कारण माणसाला दात बत्तीसच. लवादाचे मात्र दर उन्हाळ्यात नवे येतात आणि जुने सांगता सांगता वाढत जातात.

धंदा म्हणजे हॉकी. गवतावरची नव्हे, बर्फावरची. मी इथे अमेरिकेत व्यावसायिक आइस हॉकी खेळतो, बचावफळीत. नाव मंदार जोशी, टीममध्ये 'मँडी'. तुला एवढं मराठी कसं येतं, असं विचारणाऱ्यांना माझं ठरलेलं उत्तर आहे. व्हर्जिनियातल्या हर्नडनची रविवारची मराठी शाळा आमच्याच बेसमेंटमध्ये भरायची आणि बाई म्हणजे आमची आई. पळून जाणार कुठे?

लवादाचं प्रकरण असं. तुमचा करार संपलाय, पण दुसऱ्या क्लबात जायला तुम्ही अजून मोकळे नाही. पगारावर क्लबशी जमत नाही. मग दोघंही एका त्रयस्थ माणसासमोर, म्हणजे लवादासमोर, बसता. तुमची बाजू सांगते की तुम्ही किती थोर. मग क्लबची माणसं, तुमच्यापासून चार हातांवर बसून, सांगतात की तुम्ही किती सुमार. त्रयस्थ माणूस दोन दिवसांत आकडा ठरवतो. आणि सप्टेंबरात तुम्ही त्याच क्लबची जर्सी चढवून त्याच माणसांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं!

\*\*\*

मला पहिला किस्सा सांगितला हँकनं. हँक म्हणजे तेव्हा आमच्या टीमचा पैलवान. साडेसहा फूट उंची, नाक तीनदा मोडलेलं. समोरच्या टीममधला कोणी आमच्या पोरांच्या अंगावर आला की हँक हातमोजे काढायचा, आणि तेवढ्यानंच प्रश्न सुटायचा.

हँकच्या सुनावणीत क्लबची वकीलबाई होती पाच फुटांची. चष्मा, बारीक आवाज, हातात तक्ते. तिनं अर्धा तास शांतपणे हँकचं स्केटिंग समजावून सांगितलं. तो किती हळू वळतो, किती वेळा मागे राहतो, त्या वेळात समोरचे किती गोल करतात. अर्ध्या तासानं हँक रडत होता. बाईंनी स्वतःच्या पर्समधून टिश्यू काढून दिले आणि पुढचा तक्ता लावला.

"तू? रडलास?" मी विचारलं.

"हातानं मारलं असतं तर परतवलं असतं रे," हँक म्हणाला. "ती आकड्यांनी मारत होती."

तो आता दुसऱ्या क्लबात आहे. म्हणाला, निकाल चांगला लागला, पगारही मिळाला, पण त्या माणसांकडे बघवेना. एकदा ऐकलं की ऐकलं.

\*\*\*

गेल्या उन्हाळ्यात माझी पाळी आली, आणि हँकचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. कारण क्लबच्या साक्षीदारांत एक नाव होतं वॉल्टकाकांचं.

वॉल्टकाका म्हणजे आमच्या क्लबचे असिस्टंट मॅनेजर. मी सोळा वर्षांचा असताना खेळाडू शोधत फिरताना त्यांनी मला व्हर्जिनियातल्या एका गळक्या रिंकवर पाहिलं. तेव्हा स्टँडमध्ये ते, आई-बाबा आणि झाडूवाला एवढेच होते. मग ते घरी आले. बाबांनी त्यांना अडीच तास प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं लेखी द्याल का?" त्यांनी तिथेच बसून लिहून दिलं. त्या दिवसापासून आई त्यांना वॉल्ट म्हणते आणि आम्ही मुलं वॉल्टकाका. माझ्यावर पहिला विश्वास त्यांनी टाकला, माझ्या बापाच्याही आधी. आणि आता मी हळू आहे, डावीकडे वळताना अडखळतो, हे तेच सांगणार होते.

मला पगाराची भीती नव्हती, कमी-जास्त काहीतरी मिळालंच असतं. भीती होती ती वॉल्टकाकांच्या तोंडून ते ऐकायची. ऐकल्यावर मला त्यांच्यासाठी खेळता आलं नसतं, आणि मला तर तिथेच खेळायचं होतं.

\*\*\*

लवादात तुमची तुलना तुमच्यासारख्याच इतर खेळाडूंशी करतात. आपल्याला यात नवीन काही नाही. अख्खं लहानपण देशपांड्यांच्या ओंकारशी तुलना होण्यात गेलंय. इथे फरक एवढाच की तुलना बाइंड करून देतात.

माझी एजंट डेनिस. तिनं माझी बाजू लिहिली आणि तुलनेला घेतला काईल. काईल बचावफळीतला माझाच जोडीदार, आणि आम्ही राहतोही एकाच अपार्टमेंटमध्ये. मी काईलपेक्षा बरा, हे तिनं चार पानं भरून सिद्ध केलं होतं. आणि मी शहाणा, तो मसुदा डायनिंग टेबलवर विसरून जिमला गेलो.

परत आलो तर काईल वाचत बसलेला.

"पान बारावर लिहिलंय की माझा पास कच्चा आहे."

"अरे, ते वकिली असतं. मी नाही लिहिलं."

"हं," म्हणाला आणि पान उलटलं. मला वाटलं, मिटलं.

जेवायला बसलो. मी म्हटलं, "केचप पास कर ना जरा."

"माझा पास कच्चा आहे," काईल म्हणाला आणि खात राहिला.

\*\*\*

नागपूरच्या मामाला फोन केला. मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालाय. मी म्हटलं, "मामा, माझा लवाद आहे पुढच्या आठवड्यात."

मामा एकदम सावरून बसला असावा. "लवाद? कुठल्या नदीचा?"

"नदीचा नाही रे, हॉकीचा. बर्फावर खेळतो ना मी."

"म्हणजे पाण्याचाच की! गोठलेल्या." मामाला आता विषय घरचा वाटायला लागला. "हे बघ, घाई करू नको. आमच्या पाण्याचा लवाद नेमला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. रिटायर झालो तेव्हा तारीख पडलेली होती. तुझा निकाल कधी?"

"दोन दिवसांत."



"दोन दिवसांत," मामा हळूच म्हणाला, "आमच्याकडे चहाचं बिल मंजूर होत नाही."

\*\*\*

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." मी म्हटलं, कोर्ट नाही, हॉटेलची मीटिंग रूम आहे. "मग शहाण्याने हॉटेलची पायरी चढू नये."

त्यांचंही बरोबर होतं. बाबा चौदा वर्षं नोकरीच्या व्हिसावर होते. "पगारवाढ सोड," ते म्हणाले, "प्रिंटरमध्ये कागद संपला तर मी तो सुद्धा मागायचो नाही. घरून न्यायचो. आणि तू एम्प्लॉयरला समोर बसवून सांगणार की मला कमी देतोस?"

हे बोलताना त्यांचा आवाज चिडका होता, पण चेहरा वेगळाच दिसत होता. मला वाटतं, त्यांना थोडा हेवा वाटत होता. मला त्यांची दया आली आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

पण एकदा ठरलं म्हटल्यावर बाबा कामाला लागले. बाबा सॉफ्टवेअर टेस्टर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतलाय. सुनावणीच्या दोन दिवस आधी दोन्ही बाजू आपापली कागदपत्रं एकमेकांना देतात. क्लबचं जाडजूड बाड आलं ते मी बाबांना दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, कारण त्यात माझ्याबद्दल एक शब्द बरा नव्हता. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "इंडेक्स चुकलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी एक्सेल शीट तयार केली. पान नंबर, ओळ नंबर, चूक, गंभीर की किरकोळ. एका ठिकाणी मी डावखुरा असल्याचं लिहिलं होतं. ती लाल रंगात. एका तक्त्याची बेरीज चुकली होती, तीही लाल. डेनिसला फोनवर सांगितलं तर ती आनंदानं किंचाळली. ती म्हणाली, हे आपण उद्या भर सुनावणीत काढू, त्यांची दाणादाण उडेल.

"उद्या कशाला?" बाबा म्हणाले. "मी ईमेल केली ना."

"कोणाला?"

"सगळ्यांना. तुला, त्यांच्या वकिलांना. पहिल्या पानावर ॲड्रेस होता. टेस्टिंग रिपोर्ट सगळ्या पार्टींना जातो, तशी पद्धत आहे. तुझ्याही फाइलमध्ये चार चुका होत्या, त्याही टाकल्यात."

डेनिस फोनवर काय बोलली ते मराठी शाळेत शिकवत नाहीत. संध्याकाळी क्लबच्या वकिलांचं उत्तर आलं. खूप आभार, सर्व चुका दुरुस्त केल्या आहेत, सुधारित प्रत सोबत जोडली आहे. बाबांनी ते उत्तर मला दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, प्रोफेशनल लोक आहेत."

\*\*\*

त्याच रात्री डेनिसनं माझी तालीम घेतली. ती क्लबची वकील झाली आणि मी फक्त गप्प बसायचं. तिनं माझ्या प्रत्येक चुकीचा पाढा वाचला. मी भुवई हलवली की टेबलावर पेन आपटायची.

"चेहरा हलवायचा नाही. पाणी प्यायचं नाही. आणि उद्या वॉल्टकडे अजिबात बघायचं नाही. ब्रेकमध्येही नाही. तो समोरून आला तर जमिनीकडे बघ."

"पण ते मला लहानपणापासून..."

पेन आपटलं.

\*\*\*

सुनावणी होती विमानतळाजवळच्या एका हॉटेलात. आई-बाबा हर्नडनहून ड्राइव्ह करून आले. आत खेळाडू आणि त्याची माणसं एवढीच, त्यामुळे ते दोघं लॉबीत बसले. आईजवळ मोठी पिशवी होती. हॉटेलातलं कसलं खाणार तुम्ही, म्हणून तिनं पोळ्या, भाजी, मसालेभात आणि काकडीची कोशिंबीर आणली होती. माणसं चार आणि जेवण दहा जणांचं.

सकाळी आमची बाजू झाली. डेनिस छान बोलली. मी इतका चांगला खेळाडू आहे हे मलाही नव्यानं कळलं. मग क्लबचे वकील उभे राहिले, आणि ते त्याहून छान बोलले. सुधारित प्रतीतून बोलत होते, त्यामुळे एकही चूक नव्हती. मी डेनिसनं सांगितल्याप्रमाणे टेबलावरच्या एका ओरखड्याकडे बघत बसलो. वॉल्टकाका माझ्या समोर होते. त्यांचे हात दिसत होते, ते फाइलचा कोपरा दुमडत आणि उलगडत होते.

लवाद म्हणाले, आता जेवणाची सुट्टी. क्लबची चाळीस मिनिटं शिल्लक आहेत, त्यात त्यांचे साक्षीदार, म्हणजे वॉल्टकाका, बोलतील.

मी लॉबीत आलो. आई वाढत होती. तेवढ्यात वॉल्टकाका बाहेर आले आणि कॉफीच्या मशीनपाशी एकटेच उभे राहिले. त्यांचे वकील कोपऱ्यात फोनवर. मी जमिनीकडे बघायला लागलो.

"वॉल्ट!" आईनं हाक मारली. "व्हाय आर यू स्टँडिंग? कम, सिट."

डेनिसनं माझा दंड धरला.

वॉल्टकाका अवघडले. "मिसेस जोशी, आज मी बसणं बरोबर नाही."

"जेवायला बसण्यात बरोबर-चूक काय असतं?" आई इंग्लिशमध्ये म्हणाली, आणि मला मराठीत, "सरक रे तिकडे."

मी सरकलो. वॉल्टकाका बसले. आईनं त्यांना मसालेभात वाढला, वर तूप घातलं. त्यांनी नको म्हणायच्या आत दुसऱ्यांदा वाढला. सुनावणीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बाबांनी हायवेवरच्या रस्तादुरुस्तीचा विषय काढला. वॉल्टकाका मान खाली घालून जेवत होते.

"सॉल्ट ओके?" आईनं विचारलं. "सकाळी घाईत टाकलं मी."

"बरोबर आहे," वॉल्टकाका म्हणाले. "अगदी बरोबर."

मग त्यांनी बशी पुसून ठेवली, आईचे आभार मानले आणि आत गेले. आम्हीही गेलो. क्लबच्या वकिलांनी त्यांना साक्षीला बसवलं. समोर फाइल उघडली, पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "खेळाडूच्या डावीकडच्या वळणाबद्दल तुमचं निरीक्षण सविस्तर सांगा."

वॉल्टकाकांनी फाइलकडे पाहिलं. मी डेनिसचं सगळं विसरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फाइल मिटली.

"जे आहे ते कागदावर आहे. मला आणखी काही सांगायचं नाही."

वकील खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले. वॉल्टकाकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. लवादांनी चष्मा वर करून घड्याळ पाहिलं.

"तुमच्याकडे अजून चाळीस मिनिटं आहेत, सर."

"माहीत आहे," वॉल्टकाका म्हणाले. "पण मी जेवलोय."