आभाळ दिसेल इतकं छप्पर

आमच्या गावच्या सिनेगॉगच्या अंगणात ज्यू मंडळी दरवर्षी सणासाठी मांडव घालतात आणि आठवडाभर त्यातच जेवतात. यंदा हे काम दत्तू मांडववाल्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्याने वर नारळाच्या झावळ्या इतक्या दाट घातल्या, की खाली भरदुपारी अंधारलं. मी शेजारी, सहज डोकावलो, तर सॅम्युअलकाका मान वर करून उभे.

"दत्तू, बऱ्याचशा काढ बाबा. सूर्य बुडायच्या आत. मग सण लागतो, कामाला हात लावता येत नाही."

"काका, पाऊस अजून गेला नाही. गाव म्हणेल, दत्तूचा मांडव गळका!"

"गळू दे. ताटं उचलून आत जाऊ. पण जेवताना वर चांदण्या दिसल्या पाहिजेत."

मी हिशोबी माणूस. विचारलं, फट नेमकी किती ठेवायची?

"उन्हापेक्षा सावली जास्त, बस."

छप्पर म्हणजे आभाळ बाहेर ठेवायची सोय, असं मी समजत होतो. दर मे महिन्यात त्यासाठीच कौलं चाळून घेतो. ही माणसं मात्र पूर्वज रानात असेच राहिले म्हणून पक्की घरं सोडून मुद्दाम कच्च्या छपराखाली बसतात. मला त्यांचं नवल वाटलं आणि थोडा हेवाही.

दत्तू कुरकुरत झावळ्या ओढत होता. सूर्य बुडता बुडता तो मांडवावरून उतरला, पण घरी गेला नाही. अंधारल्यावर सगळ्यांच्या आधी तोच ओरडला, "काका, दिसली चांदणी! बसा आता जेवायला."