मोगलाईतून माघारी

देऊळगाव राजा या गावात कर्ज डोक्यावर चढलं की माणूस दक्षिणेकडे बघायला लागे. तिकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जवळ होती, आणि मोगलाईत बुलढाण्याच्या कोर्टाचा हुकूम चालत नसे. शिवेवर भिंत नव्हती. एक चुना फासलेला दगड होता आणि निजामाचा करोडगिरी नाका, जिथे मालावर जकात घेत. नुसत्या माणसाला कुणी अडवत नसे. मंदीच्या त्या वर्षांत गिरणीचं लुगडं स्वस्त झालं, हातमागाचं कुणी विचारीना, आणि कोष्टीपुऱ्यातली एकेक दार लागत गेलं. अमका जालन्याला गेला, असं लोक म्हणत. पुढचं कुणी विचारत नसे.

तुळशीराम कोष्टी गेला तो ज्येष्ठातल्या एका दुपारी. बायकोला, मनकर्णाला, एवढंच सांगितलं की काम पाहून येतो. वामनराव सावकाराकडून त्याने सुतासाठी पैसे उचलले होते. कागदावर जामीन म्हणून शकूर रंगाऱ्याचा अंगठा होता. शकूर त्याचं सूत लाल रंगवून देई, त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा. तुळशीराम त्याला चाचा म्हणे. अंगठा देताना शकूरने रक्कमसुद्धा विचारली नव्हती.

वाटेवर तुळशीरामाच्या मनात मनकर्णा आली, रिकामा माग आला, वामनरावाची दारात उभं राहून बोलायची पद्धत आली. शकूर आला नाही. हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. विसरलो असं तो म्हणत नसे. मनातच आला नाही, असं म्हणे.

जालन्याला कापसाच्या प्रेसमध्ये त्याला काम मिळालं. मजुरी निजामाच्या हाली रुपयांत, खोली चौघांत. पावसाळ्यात ताप धरला आणि उतरेना, तेव्हा बरोबरच्या हमालांनी त्याला मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथे सुभद्राबाई नावाची एक विधवा संध्याकाळी रोग्यांजवळ बसून येशूच्या गोष्टी सांगे. आवाज चढवत नसे. कुणी तोंड फिरवलं तर पाणी पाजून पुढच्या खाटेकडे जाई. तुळशीराम ऐकायचा, कारण दुसरं ऐकण्यासारखं तिथे कण्हणंच होतं.

एकदा ती म्हणाली की येशूने आपलं देणं अंगावर घेतलं. देणं हा शब्द ऐकून तुळशीराम उठून बसला. त्याने सरळ विचारलं, "बाई, तुमचा देव सावकाराचंही फेडते काय?"

"नाही भाऊ. ते तुम्हालाच फेडावं लागंल."

"मंग त्याचा उपयोग काय?"

सुभद्राबाईने त्याच्या उशाचा पाण्याचा लोटा भरून ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला पळावं लागणार नाही."

मग तिने सांगितलं की येशू आपल्याला जामीन राहिला, आणि शिपाई धरायला आले तेव्हा बागेतून निघून जायला वाट असताना गेला नाही. ती पुढे बोलत होती, पण तुळशीराम जामीन या शब्दापाशीच थांबला होता. जामीन म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं. जामीन म्हणजे शकूरचाचाचा अंगठा. आपण उठून गेलो की कोर्टाचा बेलीफ ज्याच्या दारात जातो तो माणूस.

ताप उतरला तरी तो तिथे राहिला. दवाखान्याचं पाणी भरी, रविवारी प्रार्थनेला मागे बसे. त्याच्या आत काय होत होतं ते त्याला सांगता येत नसे. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी आधीपासून बसलेलं असावं आणि आपल्याला उशिरा कळावं, तसं होतं, असं एकदा म्हणाला. दिवाळीनंतर मिशनच्या पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचं विचारलं. त्याने हो म्हटलं, आणि लगेच म्हणाला, "पण इकडं नको. मी पळून आलेला माणूस हावो. इकडं घेतलं तं ते पाणीही पळून घेतल्यासारखं होईल."

तो देऊळगावला माघारी निघाला तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं.

मनकर्णा दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून दिवस काढत होती. त्याला पाहून रडली नाही. "मी साऱ्याइले सांगत होते, कामाले गेले म्हनून," ती म्हणाली. "आता काय सांगू?"

"पळून गेलतो असं सांग," तो म्हणाला.

शकूरच्या घरावर जप्ती आली होती. दारावर लिलावाची नोटीस होती, आणि अंगणात शकूर नेहमीसारखं सूत पिळत होता. त्याने मान वर केली नाही.

"किती आनलं?"

"काहीच नाही, चाचा."

"मंग काऊन आला बे?"

"कागदावर तुमचं नाव हाय. ते काढाले आलो."

शकूर हसला. "क्रिस्तान झाला म्हनते तू. तुमच्यात कर्ज माफ होते म्हनते. चांगला धर्म पाह्यला."

तुळशीराम उभाच राहिला. शकूरने सूत पिळून वाळत टाकलं, हात धुतले, घरात गेला आणि दार लावलं.

तुळशीराम तसाच वामनरावाकडे गेला. वामनरावाने त्याला बसायला सांगितलं नाही. वॉरंट काढून त्याला बुलढाण्याच्या दिवाणी कैदेत घातलं. या कैदेचा कायदा असा की कैद्याच्या जेवणाचा भत्ता सावकारानेच भरायचा. भरला नाही तर कैदी सुटतो, आणि त्याच कर्जासाठी त्याला पुन्हा धरता येत नाही. वामनरावाने रागाच्या भरात एक महिना भरला. पठारावरची थंडी होती. तुळशीराम तिथे येशूशी बोलायला शिकला. आधी फक्त ऐकत होता. सुटका त्याने मागितली नाही. शकूरचाचाचं घर राहू दे, एवढंच मागितलं, रोज तेच, शब्द न बदलता.

दुसऱ्या महिन्याचा भत्ता आला नाही. तुळशीराम सुटला, आणि चालत परत वामनरावाच्या दारात आला.

"आता मले तुले धरता येत नाही," वामनराव म्हणाला. "ठाऊक हाय ना?"

"हाय."

"मंग?"

"चाचाच्या घराची जप्ती उठवा. हप्ता मी देतो. लिहून घ्या."

वामनरावाने चोपडी पुढे ओढली. पडलेल्या बाजारात रंगाऱ्याचं घर घेणार कोण, हाही हिशेब त्याने केला असेल. पण जो माणूस सुटूनही दारात येतो त्याचं काय करायचं, हे त्याला कुठल्या व्यवहारात शिकायला मिळालं नव्हतं. त्याने लिहून घेतलं. जप्ती उठली.

त्या फाल्गुनात जालन्याहून पाळकसाहेब आले आणि आमना नदीच्या गुडघाभर पाण्यात तुळशीरामाचा बाप्तिस्मा झाला. मनकर्णा काठावर कोरडं धोतर घेऊन उभी होती. स्वतःचं काय, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. त्याच आठवड्यात कोष्ट्यांनी त्याला जातीबाहेर टाकलं.

याचा अर्थ पांजणीला कळला. विणायच्या आधी उभं सूत गल्लीत लांब ताणून त्याला खळ लावावी लागते, आणि त्याला चार-सहा माणसं लागतात. पुऱ्यात ती नेहमी आपोआप येत. त्या सकाळी कुणी आलं नाही. पांजणी नाही तर माग नाही. माग नाही तर हप्ता नाही. दोघंच दोन टोकं धरून उभी राहिली. मधलं सूत लोंबून मातीला टेकायला लागलं. समोरच्या ओट्यावर जातीतली माणसं बसून बघत होती. तुळशीरामाचे ओठ हलत होते.

गल्लीच्या तोंडाशी शकूर आला. जप्ती उठल्यापासून तो तुळशीरामाशी एक शब्द बोलला नव्हता. मागे त्याची बायको सुगराबी होती आणि दोन सुना होत्या.

"मले हे काम येत नाही," शकूर म्हणाला. "कुठं धरू?"

मनकर्णाने जागा दाखवली.

"ताणून धरा," ती म्हणाली, "पन वढू नका."

सूत जमिनीवरून उचललं गेलं. तुळशीरामाने खळीचा कुंचा हातात घेतला.