चुकणाऱ्याचं डोकं

खोटं कशाला बोलू? भवदासनवर मी आठव्या वर्षापासून जळत आलोय.

त्रिशूरजवळ आमच्या घरीच वेदशाळा होती. माझे अच्छन, म्हणजे वडील, शिकवायचे. बारा पोरं आमच्याकडेच राहायची, जेवायची; भवदासन त्यातलाच एक. आमच्यात संथा देताना गुरू पोराचं डोकं हातात धरतो. स्वर खाली तर डोकं खाली, वर तर वर. स्वर पक्का झाला की डोकं सोडतात. माझा महिन्याभरात पक्का झाला. भवदासन म्हणजे पालथा घडा! सहा वर्षं त्याचं डोकं अच्छनच्या हातात. माझ्या बापाच्या!

एकदा मी मुद्दाम चुकलो. अच्छननी मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दिवाकरा, नाटकं पुरे. पुढे म्हण." अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुपारी भवदासनच्या कांजीत मूठभर मीठ टाकलं. गाढवानं मुकाट पिऊन टाकली.

मी कोच्चीला बँकेत लागलो. तो तिथंच राहिला. अच्छन गेल्यावर त्यांच्या पाटावर तोच बसला.

निवृत्त झालो आणि परवा तिकडे गेलो, भांडायलाच. समोर पाचच पोरं.

"सगळं मोबाइलवर मिळतं आता. ही लेकरं आईपासून तोडून इथं कशाला डांबलीस?"

"मोबाइलला हात कुठं असतो रे?" भवदासन म्हणाला.

"हाताचं कौतुक तुला! मला हाताशिवाय आलं."

"मग म्हण की."

बसलो मांडी घालून. दोन ओळी झोकात म्हटल्या. तिसरीला स्वर घसरला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच. पोरं खुसखुसायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात डोक्यावर हात आला. अंगठा कानामागे, करंगळी मानेवर, आणि डोकं हलकेच खाली. बावन्न वर्षांपूर्वीचा तो एक महिना! हाच हात. याच मठ्ठाला तो जसाच्या तसा मिळाला होता, आणि मी पोटचा पोर असून कोरडा.

"अच्छन," तोंडातून निसटलं.

पोरं फिदीफिदी हसली. भवदासन हसला नाही. "पुढे म्हण, दिवाकरा."

तिसरी ओळ जमली. तशी त्याची बोटं सैल व्हायला लागली.

चौथी मला पक्की येत होती. मी चुकलो.