देवस्थळे यांची श्रावणातली दाढी

नागेश पद्माकर देवस्थळे. जन्म सातारा, १९५३. मृत्यू झिंडेलफिंगेन, २००९. शिक्षणाने यंत्र अभियंता, व्यवसायाने मोटारींच्या रंगकोठ्यांमधील हवेच्या प्रवाहाचे जाणकार, आणि आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांत दम्याचे रुग्ण.

मी त्यांच्या पत्नीचा, कुंदाचा, थोरला भाऊ. निवृत्तीनंतर मुलाकडे ब्योब्लिंगेनला राहतो. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत नागेशरावांवर पानभर मजकूर छापून आला. त्यात त्यांच्या धर्मपालनाची स्तुती आहे, पण त्या धर्मपालनाने काय केले याचा उल्लेख नाही. ते इथे नोंदवीत आहे.

नागेशराव १९८४ साली जर्मनीत आले आणि रंगयंत्रणा बनवणाऱ्या एका लहान कंपनीत लागले. मोटारीवर शेवटचा चकचकीत थर ज्या लॅकरचा देतात, त्याचे दोन भाग असतात. लॅकर वेगळे आणि हार्डनर वेगळे. दोन्ही प्रमाणात मिसळले की काही तासांत काचेसारखे कठीण होते. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवारणीच्या गनमधून उडालेले त्याचे सूक्ष्म तुषार फुप्फुसात गेले, तर काही माणसांचे शरीर त्याच्याशी कायमचे वैर धरते. मग पुढे आयुष्यभर त्याचा अंशसुद्धा सोसत नाही. आणि घातक प्रमाणातही त्याला वास येत नाही, त्यामुळे तोंडावरचा हवा गाळणारा रबरी मुखवटा गळतो आहे हे घालणाऱ्याला समजायला मार्ग नसतो. कंपनीच्या चाचणीकोठीत कोण शिरेल आणि काय घालून शिरेल, हे ठरवण्याचा अधिकार नागेशरावांकडे होता. नव्या माणसांना ते स्वतः शिकवत. "गाल आणि रबर यांच्यामध्ये तिसरे काहीही नको," हे त्यांचे वाक्य तिथे म्हणीसारखे झाले होते.

२००२ साली युसुफ नावाच्या तुर्की रंगाऱ्याने हजहून परतल्यावर दाढी राखली. नागेशरावांनी त्याला कोठीबाहेर काढले. युसुफने विनंती केली की बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा टोप मिळावा. तो सैल असतो, डोके पूर्ण झाकतो आणि त्याला दाढीची अडचण नसते. कंपनीत तसा एक टोप होताही. नागेशरावांनी नकार दिला. नळी चाचणीत अडथळा करते, आणि एकाला सवलत दिली की नियम राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. "धर्म दाराबाहेर ठेवून आत यायचे," असे ते त्याला म्हणाले, आणि युसुफची बदली सुट्या भागांच्या गोदामात झाली. घरी जेवताना त्यांनी हे मला समाधानाने सांगितले होते. नियम म्हणून मला त्यात चूक दिसली नाही. आजही मुखवट्यापुरती दिसत नाही. टोपाबद्दल मात्र दिसते.

आता मोटारीविषयी. शेजारच्या एका वृद्ध बाईंकडून त्यांनी पंचवीस वर्षांची एक जुनी गाडी घेतली होती. घराला लागूनच गॅरेज होते. तिथे शनिवार-शनिवार खपून त्यांनी गंज काढला, पत्रा बदलला, इंजिन उतरवून पुन्हा चढवले. गाडीचा रंग मोतिया ठरला. रंग झाल्यावर वरचे लॅकर तेवढे राहिले होते.

२००४च्या जूनमध्ये गणेशोत्सवाचे यजमान ठरवण्यासाठी मंडळाची बैठक कार्यवाह हरीश टोणगावकर यांच्या घरी झाली. नागेशरावांचे नाव निघाले. गणपती आपल्या नव्या केलेल्या गाडीतून आणण्याची कल्पना त्यांनी मांडली आणि ती सर्वांना आवडली. तेवढ्यात हरीश म्हणाले, "यजमानपदाला माझी हरकत नाही हो. पण गेल्या श्रावणात नदीकाठी शेगडीवर सॉसेज परतताना या यजमानांना आम्ही सर्वांनी पाहिले आहे. मोदकाला वास लागायचा!"

लोक हसले. नागेशरावांना मस्करी सोसत नसे. ते म्हणाले, "यंदा श्रावण पाळणार. कडक. दाढीसकट."

"कोणता? यंदा दोन आहेत. अधिक आणि निज."

"दोन्ही."

टाळ्या पडल्या. साताऱ्यात त्यांच्या वडिलांनी श्रावण पाळल्याचे मला आठवत नाही, आणि पुण्यात नोकरी करताना नागेशरावांनी तर नक्कीच नाही. येताना जे सामानात नव्हते ते परदेशात येऊन लोक जमवू लागतात, आणि जमवलेले दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शिवाय अधिक मासात हा नियम लागूच नसतो. व्रताचा श्रावण निज. पंचांग उघडून मी हे त्यांना त्याच आठवड्यात दाखवले. ते म्हणाले, "दादा, पंचांगात काय आहे ते तुम्हांला माहीत आणि मला माहीत. बैठकीत मी दोन्ही म्हणालो आहे."

ऑगस्टच्या आरंभी, अधिक मासातच, लॅकरची वेळ आली. गाडीच्या काचा लॅकरनंतरच बसतात, काचांशिवाय ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यालायक ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी होत नाही, तपासणीशिवाय नंबर मिळत नाही, आणि तपासणीची तारीख महिनाअखेरची होती. पुढे ढकलले असते तर गणपती गाडीतून येणार नव्हता. तोवर नागेशरावांची दाढी चांगली दाट वाढलेली होती.

त्या शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. गॅरेज पाहून मी थक्क झालो. भिंतींना प्लॅस्टिक, धूळ बसावी म्हणून ओली केलेली फरशी, एका बाजूने गाळलेली हवा आत घेणारी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर फेकणारी पंख्यांची जोडी. ठिणगी उडू नये म्हणून दिवे बाहेर, काचेपलीकडे. अंगभर पोशाख, हातमोजे, हवा गाळणारे नवे डबे त्या सकाळीच फोडून लावलेला मुखवटा. शेजाऱ्यांना चिठ्ठ्या गेलेल्या, आणि कॉम्प्रेसर दुपारच्या शांततेच्या वेळेनंतरच चालवायचा ठरलेला. एखाद्या कारखान्यालाही ही व्यवस्था शोभली असती.

कुंदा ताटे वाढत म्हणाली, "अहो, सगळे केलेत, आता तेवढी दाढी काढा ना. देव काही ट्यूफवाला नाही तपासायला यायला."

"देव नाही. हरीश तपासेल. पुढच्या रविवारी पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आहे."

"मग हरीशभावजींना सांगा की लॅकरसाठी काढली. अधिक मास आहे म्हणून सांगा. दादा, तुम्ही तरी बोला!"

मी विचारले, "कंपनीतला तो टोप आणला असता तर?"

नागेशरावांनी घास ताटात ठेवला. "आणि साहेबाला काय सांगू? दाढी वाढवली आहे, धर्माचे आहे, म्हणून टोप द्या? ज्या टोपाला मी नाही म्हणालो तोच?"

"विकत मिळत नाही का?"

"तीन आठवडे थांबावे लागते. आणि हे पाहा, दाढीला व्हॅसलीन चांगले चोपडले की कडा बसते. पूर्वी लोक करायचे. तीन हात मारायचे आहेत, फार तर तासाभराचे काम."

त्यांची मुलगी ऊर्जा विद्यापीठातून सुट्टीला आलेली होती. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमधून येते. ती म्हणाली, "पापा, डू श्पिन्स्ट," म्हणजे बाबा, तुमचे डोके फिरले आहे. मग पुढे, जर्मनमध्येच, "हेच तुम्ही मला शिकवले नव्हते का, गाल आणि रबर यांच्यामध्ये काही नको?"

"ते कोठीसाठी. हे घर आहे," ते म्हणाले.

एवढ्या शिस्तीच्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेले हे सर्वांत बेशिस्त वाक्य. त्यांना ते कळत होते, कारण ते म्हणताना त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही.

त्यांनी तीन हात मारले. मधल्या विश्रांतींत ते बाहेर येत, मुखवटा उतरवत आणि पाणी पीत. दाढीवर व्हॅसलीन चकाकत होते आणि त्यात रबराच्या कडेने एक तुटक, वाकडी रेघ उमटलेली होती. तिसऱ्या हातानंतर ते खोकले. "द्रावकाचा वास," ते म्हणाले. गाडीवरचे लॅकर अप्रतिम बसले होते. बॉनेटमध्ये समोरच्या घराच्या छपराची कौले मोजता आली असती.

झेंडावंदनाला हरीशनी त्यांच्या दाढीला हात लावून, "वा, ऋषी!" म्हटले. नागेशराव प्रसन्न झाले. खोकला तोपर्यंत रोजचा झाला होता.

गणपती त्या गाडीतून आला. छायाचित्रे निघाली. दाढी श्रावण संपताच उतरली होती, त्यामुळे चित्रांत ते गुळगुळीत गालांनी आरतीचे ताट धरून उभे दिसतात. आरतीच्या दुसऱ्या कडव्याला त्यांचा श्वास अडकला आणि ताट कुंदाने धरले. लोकांना वाटले, भरून आले.

ऑक्टोबरमध्ये कोठीचे दार उघडून ते आत डोकावले, आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. निदान स्पष्ट होते: आयसोसायनेटचा दमा, कायमचा. त्यानंतर कामामुळे होणारे आजार ठरवणाऱ्या विमासंस्थेची चौकशी झाली. एवढी वर्षे कोठीत काढलेल्या माणसाला व्यवसायजन्य आजार मान्य होणे सहज शक्य होते. कंपनीही आडकाठी करणार नव्हती. पण नागेशरावांनी अधिकाऱ्याला सांगितले की हे घरच्या गॅरेजमध्ये झाले आणि आपण दाढीवर मुखवटा घातला होता. त्यामुळे काहीही मान्य झाले नाही. हा खरेपणा त्यांच्या खाती जमा धरलाच पाहिजे. तो जर्मन अधिकाऱ्यासमोर आला आणि मराठी मंडळासमोर कधी आला नाही, हेही धरले पाहिजे. मंडळात त्यांनी "ॲलर्जी" एवढेच सांगितले.

कोठीपासून दूर अशी जागा कंपनीत एकच होती, ती म्हणजे सुट्या भागांचे गोदाम. तिथल्या टेबलावर समोर युसुफ बसत असे. पहिल्या दिवशी काय बोलणे झाले ते नागेशरावांनी नंतर मला फिरायला गेलो असताना सांगितले. सांगताना दर वीस-पंचवीस पावलांवर थांबावे लागत होते.

युसुफने विचारले, "देवस्थळेसाहेब, तुम्ही दाढी ठेवली होती असे ऐकले. देवासाठी?"

"हो."

"खरेच?"

नागेशराव मग म्हणाले, "नाही. फेराइनसाठी."

फेराइन म्हणजे मंडळ. युसुफ म्हणाला, "असे होय. माझी तरी देवासाठी होती." आणि त्याने त्यांच्यासाठी चहा आणला.

"दादा, त्याने चिडायला हवे होते," नागेशराव मला म्हणाले. "चहा आणला, ते वाईट झाले."

त्यानंतर त्यांनी टोपांसाठी कंपनीत अर्ज केला. तो मंजूर झाला, पण युसुफ पुन्हा कोठीत गेला नाही. आता सवय राहिली नाही, असे त्याने कळवले.

शेवट २००९च्या संक्रांतीला झाला. मंडळाने तिळगुळासाठी एका शाळेचे सभागृह घेतले होते. तिथल्या लाकडी जमिनीला सुट्टीत नवे वार्निश दिले होते, तेही दोन भागांचेच. आत शिरताना ती नवी चकाकी पाहून नागेशराव दारात थबकले. कुंदाने ते पाहिले. ती म्हणाली, "नको, आपण परत जाऊ." आतून हरीशनी हाक मारली, "या यजमान, दारात काय उभे? तिळगूळ घ्या, गोड बोला!" सर्वांचे चेहरे दाराकडे वळले होते. ते आत गेले. रुग्णवाहिका वेळेवर आली, तरी ते वाचले नाहीत. उशीर मुळात तिथे झालाच नव्हता.

शोकसभेत हरीशनी कडक दुहेरी श्रावण पाळणारा निष्ठावंत असा त्यांचा गौरव केला. स्मरणिकेत छापलेले तेच.

नंतरच्या गोष्टी अशा. गॅरेज रिकामे करून कुंदाने ते शेजाऱ्यांना सायकली ठेवायला दिले. ऊर्जाने गाडी घेण्यास नकार दिला. गाडी हाइलब्रोनच्या एका संग्राहकाला विकली गेली. गणपती यंदाही त्याच गाडीतून यावा, अशी मंडळाची इच्छा सांगण्यासाठी हरीश विक्रीआधी घरी आले होते. कुंदाने त्यांना बसवले, पाणी दिले आणि गॅरेजमध्ये काय झाले ते प्रथमच पूर्ण सांगितले. हरीश पांढरेफटक पडले. "वहिनी, मी तर नुसती मस्करी केली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेवढेच येत्या सभेत उभे राहून सांगा. मस्करी केली होती, अधिक मासात दाढी राखायची नसते, आणि त्यांनी ती काढली असती तर कोणी काही म्हणाले नसते. दुसरे मला काही नको."

हरीशनी शब्द दिला. त्यानंतर मंडळाच्या दोन सभा झाल्या. दोन्हींना मी पहिल्या रांगेत बसलो होतो. दोन्ही वेळा आभारप्रदर्शन हरीशनीच केले, आणि ते सभागृह, स्वयंपाक करणाऱ्या भगिनी आणि ध्वनियंत्रणा एवढ्यांपुरतेच होते.