नारपोलीच्या चटईवर

भिवंडीतलं कामतघर आठवायला लागलं की मला आधी आवाज ऐकू येतो, घरं नंतर दिसतात. आमची प्रार्थनेची खोली एका लूमच्या कारखान्याच्या वर होती. कारखान्याला सुट्टी शुक्रवारी आणि आमची उपासना रविवारी. त्यामुळे वर गीत चालू असो की प्रार्थना, खाली माग खटाखट चालूच असायचे आणि लादीतून ती थरथर तळपायांत चढत राहायची. डोळे मिटले की वाटायचं, सगळी खोली हळूहळू कुठेतरी निघाली आहे आणि आपण आत नुसते बसून आहोत. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि त्यात सुताचा बारीक पांढरा भुरा तरंगत असायचा. तो कधी खाली बसलेला मी पाहिला नाही.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी बावीस-तेवीसची होते. आठवडाभर बालवाडीत शिकवायचे आणि रविवारी मंडळीतल्या मुलांचा वर्ग घ्यायचे. बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते, शिवाय मंडळीचे पंच. आम्ही मूळचे नगरकडचे. पणजोबांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत बाप्तिस्मा घेतला, पुढे कुणी मास्तर झालं, कुणी नर्स झालं, आणि नोकरीच्या मागे आमची दहा-बारा घरं भिवंडीत येऊन स्थिरावली. खोलीतल्या पुढच्या सतरंजीवर आमची माणसं बसत. मागच्या चटईवर तेलुगू कुटुंबं बसत. ती सगळी लूमवर काम करणारी, बरीचशी नारपोलीला राहणारी. आम्ही एकमेकांना 'सलाम' म्हणायचो, ते 'वंदनालु' म्हणायचे. प्रभुभोजनाचा प्याला पुढून सुरू व्हायचा आणि मागे शेवटी पोचायचा. हे असं कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. मला तर ते कधी दिसलंही नव्हतं.

माझ्या वर्गात एक अकरा वर्षांची तेलुगू मुलगी होती. तिची आई कांडी मशीनवर होती, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत भरायचं काम. मुलगी पाठांतरात सगळ्यांच्या पुढे आणि आवाज असा, की ती गायला लागली की बाकीची मुलं आपोआप हळू व्हायची. नाताळच्या नाटकाची वाटणी करायला मी नोव्हेंबरात सगळ्यांना गोल बसवलं, तेव्हा तिनं सर्वांत आधी हात वर केला.

"टीचर, मी मरीया होणार."

मी वहीत बघत होते. वर न बघताच म्हणाले, "तू मेंढपाळ हो. मरीयेला जरा उजळ मुलगी लागते."

इतकंच. आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. खरंच कळलं नाही म्हणून तिनं विचारलं, "टीचर, उजळ म्हणजे?"

शेजारच्या मुलानं तिला हिंदीत सांगितलं, "गोरी."

तिनं आपला हात पुढे धरून पाहिला, जसं आपण भाजलंय का म्हणून बघतो तसं. मग हात मांडीवर ठेवला. मी पुढचं नाव लिहिलं.

पुढच्या रविवारी गीत संपता संपता ती आईबरोबर आली. चेहऱ्यावर, मानेवर, कोपरापर्यंतच्या हातांवर टाल्कम पावडर थापलेली. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. घामानं गालावर दोन रेघा उतरल्या होत्या आणि त्या रेघांतून ती स्वतः दिसत होती. ती थेट माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "टीचर, आता?"

नेमके त्याच क्षणी लाइट गेले. लोडशेडिंगचे दिवस होते ते. खालचे सगळे माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत पुढच्या सतरंजीवरचं हसणं स्वच्छ ऐकू आलं. मोठं नव्हतं. तोंडाला पदर लावून हसतात तसलं. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ही तर पिठाच्या डब्यात पडली!"

तिची आई दारात चप्पल काढत होती. मुलीनं घरी तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्या हसण्यानं तिला सगळं कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. पदराचं टोक घेऊन तिनं मुलीचं तोंड पुसायला सुरुवात केली. घाई न करता कपाळ, गाल, हनुवटी पुसली. मग काढलेली चप्पल परत पायात घातली आणि मुलीचा हात धरून जिना उतरली. मागच्या चटईवरून एक बाई उठली, मग तिचा नवरा, मग सगळेच. भांडण नाही, आवाज नाही. जिन्यावर पावलं वाजत गेली आणि चटई रिकामी झाली.

त्या दुपारी घरी मी बाबांशी हुज्जत घातली. "मी काय वाईट बोलले? स्टेजवर दिसायला बरं म्हणून म्हटलं. मी कुणाचा अपमान केला नाही."

बाबा खुर्चीत बसून बुटाची लेस सोडवत होते. ते तसेच वाकलेले राहिले. "आमच्या शाळेत माठ होता," ते म्हणाले. "आम्हाला ओंजळ धरायला लावायचे आणि वरून पाणी ओतायचे. ओतणारा मास्तर भला माणूस होता, पोरी. मला एक वावगा शब्द बोलला नाही कधी. फक्त वरून ओतायचा."

एवढं बोलून त्यांनी बूट काढले आणि नीट भिंतीला लावून ठेवले. मी आत जाऊन पडले. झोप लागली नाही, पण जागीही नव्हते. बाबांची ती लहानगी ओंजळ आणि मुलीचे पांढरे हात एकमेकांत मिसळत होते आणि कुठले कुणाचे ते मला ओळखू येत नव्हते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मागची माणसं आता नारपोलीतच एका खोलीत जमू लागली होती; इथली चटई कुणीतरी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. आमच्यातले एकजण म्हणाले सुद्धा, "त्यांचं त्यांना बरं पडतंय नारपोलीत. भाषेचाही प्रश्न असतो." भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. लहानपणापासून ऐकलेलं होतं, की वेदीपाशी येऊन आठवलं की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवावं आणि आधी जाऊन समेट करावा. हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं, चुकलं तर परत म्हणायला लावलं होतं. मी भाकर न घेता ताट पुढे सरकवलं. बाबांनी ते पाहिलं. त्यांनीही सरकवलं.

मंगळवारी बालवाडी सुटल्यावर मी रिक्षानं नारपोलीला गेले. कांडीचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. आत बायका ओळीनं बसलेल्या, समोर नळ्या गरागरा फिरताहेत, केसांवर, पापण्यांवर पांढरं सूत. मुलीची आई तिसरी होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं हात थांबवले नाहीत. तुटलेलं सूत बोटांत धरून तिनं गाठ मारली आणि नळी पुन्हा सोडली.

"अक्का," मी म्हणाले, "माफी मागायला आले."

मशीनच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं म्हणून मी ओणवी होऊन हिंदीत पुन्हा सांगितलं.

"मेरे को क्यों बोलते?" ती म्हणाली. "जिसको बोला, उसको बोलो ना."

"तिलाही सांगणार आहे. पण तुम्हालापण."

"टीचर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वो तीन दिन मुँह धोयी. साबुन से. मैं बोली पावडर तो निकल गया, अभी क्या धोती? मालूम क्या बोली? बोली, अंदर का निकलता क्या देखती."

मी तिथंच सुताच्या पोत्यावर बसले. रडले असते तर तिला माझी समजूत काढावी लागली असती, म्हणून रडले नाही. नळ्या भरत होत्या, ती काढत होती, नव्या लावत होती. त्या भिरभिरण्याकडे बघून डोळ्यांवर गुंगी येत होती. मग ती म्हणाली, "माफ करना येसू का काम, वो करेगा. मेरे को टाइम लगेगा."

"चालेल," मी म्हणाले.

"और हम उधर नहीं आयेंगे. आप इधर आओ. हमारी चटई पे बैठो."

मुलगी घरी होती, उंबऱ्यावर बसून गृहपाठ करत होती. मी खाली तिच्यासमोर बसले. "मी तुला जे म्हणाले ते खोटं होतं," मी म्हणाले. "येशूची आई तुझ्यासारखीच उन्हातली मुलगी असणार. मलाच माहीत नव्हतं. माझं चुकलं. मरीया तूच हो."

तिनं पेन्सिल तोंडात धरली. विचार केला. "नको," ती म्हणाली. "मरीया नुसती बसते. मला देवदूत करा. त्याला बोलायला खूप हाय."

रविवारी बाबा आणि मी नारपोलीला गेलो. दहा बाय बाराची खोली, तीस-पस्तीस माणसं. आम्हाला दारापाशी जागा मिळाली, अगदी शेवटी. सगळं तेलुगूत. मला 'येसू' आणि 'वंदनालु' एवढंच कळत होतं. कुणी आमच्यासाठी भाषांतर केलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी चालली होती, न कळणारे शब्द कानांवरून पाण्यासारखे वाहत होते, आणि त्या दाटीत, अनोळखी खांद्यांच्या उबेत मला कित्येक वर्षांनंतर प्रार्थना करावीशी वाटली. इथं मला कुणी विचारत नव्हतं आणि मला काही शिकवायचंही नव्हतं.

प्रभुभोजन शेवटी आमच्यापर्यंत आलं. एकच पितळी पेला होता. घेऊन आली ती मुलीची आईच. ती बाबांसमोर थांबली. बाबांनी सवयीनं, अगदी नकळत, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. साठीला टेकलेला माणूस, मंडळीचा पंच, आणि पेला समोर आल्यावर त्यांचे हात तसे झाले. ती क्षणभर गोंधळली. मग ती खाली बसली, त्यांच्या बरोबरीनं, आणि पेला त्यांच्या ओंजळीत ठेवून वरून आपल्या हातांनी धरला. बाबा प्यायले. त्यांचे खांदे हलत होते. तिला बाबांचा माठ ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरी ती उठली नाही.

आमची सगळी माणसं नारपोलीला आली असं मात्र झालं नाही. चार घरांनी नाटकाला मुलं पाठवली नाहीत. एका काकूंनी बाबांना सुनावलं, "आपण एवढं शिकून-सवरून वर आलो ते मागे जाऊन बसायला का?" बाबा म्हणाले, "हो, वाटतं." त्या पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत. ज्यांनी सोबत यायचं ठरवलं त्यांतही पहिल्या दिवशी कोण कुठं बसणार यावरून कुजबुज झालीच.

नाटक नारपोलीच्या गल्लीत केलं, सहा वाजता, दोन खाटा जोडून. संवाद मराठी, तेलुगू आणि जिथं अडलं तिथं हिंदी. गल्लीतले उत्तर प्रदेशचे कारागीर शिफ्टवरून येताना थांबले, त्यांच्या बायका दारांतून बघत होत्या, चाळीचा मालक खुर्ची टाकून बसला. मरीया झालेली मुलगी आमच्यातली होती आणि ती आपलं वाक्य विसरली. देवदूतानं वरून वाकून तिच्या कानात ते सांगितलं, मग सरळ उभं राहून स्वतःचं म्हटलं: भिऊ नकोस. पांढरी साडी दुमडून तिला गुंडाळली होती, तोंडाला काही लावलं नव्हतं. मागच्या पिवळ्या बल्बचा उजेड तिच्या गालाच्या कडेवर होता आणि ती गायला लागली तेव्हा आख्खी गल्ली हळू झाली. अजूनही कधी मधेच मला तो चेहरा दिसतो आणि मी करत असलेलं काम विसरते.

त्यानंतर महिन्यातून एक रविवार दोन्हीकडची माणसं एकत्र बसू लागली, एकदा इथं, एकदा तिथं. कधी पंचवीस यायची, कधी आठ. पुढल्या वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या रविवारी, जेवणाच्या तयारीला आम्ही दोघी, मुलीची आई आणि मी, चिंचेच्या पिवळ्या भातासाठी शेंगदाणे सोलत बसलो होतो. दुपार होती. बाकीची माणसं आत गाणी बसवत होती.

"टीचर," ती एकदम म्हणाली, "सच बोलूं? अभी भी कभी कभी गुस्सा आता. वो हँसा था ना सब लोग, वो याद आता."

"येऊ दे, अक्का," मी म्हणाले. "आला की मला सांगत जा."

तिनं मान हलवली. माझ्या ताटातले किडके दाणे तिनं एकेक करून बाजूला काढले आणि सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही पुढचे सोलायला घेतले.